ट्रिपल शेजवान, हाफ

अंबडला, गरवारे पॉइंटच्या थोडं अलीकडे
लाल पडद्याची गाडी. पडद्यावर ड्रॅगन,
डोळे मात्र पोळ्याच्या बैलाचे,
रंगवणाऱ्यानं तेवढेच मन लावून काढलेले.
खाली: न्यू शांघाय चायनीज,
प्रो. यशवंत भोये, ता. सुरगाणा.

जुनं शांघाय कुठं होतं,
हे मी त्याला कधी विचारलं नाही.
तो शिकला द्वारकेवर एका नेपाळ्याकडे,
नेपाळी सिलिगुडीत कुणाकडे तरी,
आणि तो कलकत्त्याच्या एका म्हाताऱ्याकडे.
म्हातारा खरोखरीचा चिनी होता म्हणे,
पण चीन त्यानंही पाहिला नव्हता.

ह्या साखळीच्या शेवटच्या कडीला मी,
सेकंड शिफ्ट सुटल्यावर,
हातात प्लेट, तोंडात वाफ.

मार्चात कंपनीत मशीन आलं,
मशीनबरोबर लुओ आला.
अकरा दिवस हॉटेलात उकडलेली अंडी आणि केळी.
बाराव्या रात्री मीच म्हटलं, चल,
तुझ्या घरचं खायला घालतो.

मंचुरियन पाहून तो फोनशी काहीतरी बोलला.
फोन बाईच्या आवाजात म्हणाला,
हा पदार्थ कोणत्या देशाचा आहे?
यशवंत झारा न थांबवता म्हणाला,
आपलाच.

मग लुओनं सांडलेल्या सॉसमध्ये बोट बुडवलं
आणि पत्र्याच्या टेबलावर त्याचा देश काढला.
इथं गोड. इथं व्हिनेगरशिवाय घास उतरत नाही.
इथं नुसतं वाफेवरचं, मीठही लाजत लाजत.
आणि हे आमचं,
तो बोटानं एकाच जागी घासत राहिला,
चेंगडूच्या अलीकडे, डोंगराच्या पोटात.
शेजवान, मी म्हटलं.
त्याला शब्द ओळखता आला नाही.

मला समजलं ते.
पुण्यातली मिसळ पुढ्यात आली
की मीही पोहे बाजूला सारून
आपली काळी तर्री शोधत बसतो,
आणि बायको म्हणते, गप गिळा आता.

तिसऱ्या चमच्याला लुओ थांबला.
जीभ ओठांवरून फिरवली. पुन्हा फिरवली.
फोन म्हणाला,
माझे ओठ झोपले आहेत.
आत कोण आहे?

यशवंतनं बर्नरखालून डबा काढला.
तिरफळं. सुकून तोंडं उघडलेली.
आई गावावरच्या रानातनं वेचते,
नदीच्या माशात घालते.
आज चटणी जरा आंबूस वाटली,
म्हणून टाकली दोन-चार.

लुओनं एक तळहातावर घेतलं,
वास घेत राहिला,
तान्ह्या पोराच्या टाळूचा घ्यावा तसा.
मग मान हलवली. नाही.
फोनला शब्द सापडायला वेळ लागला:
ही माझी नाही.
माझ्या मावशीच्या घरची आहे.

मशीन चालू झालं, लुओ गेला.
यशवंत महिनाभर तिरफळ टाकत राहिला.
गिऱ्हाईकं म्हणू लागली, कसलं तेल वापरतो रे?
जीभ बधिर होते.
पहिल्यासारखं कर की,
ओरिजिनल.
त्यानं ओरिजिनल केलं.
लाल रंग, केचप, अजिनोमोटो चिमूटभर जास्त.
गर्दी परतली.

डबा अजून बर्नरखालीच आहे.
मी जातो, तो विचारतो, नेहमीचं?
मी हो म्हणतो.
कधीकधी तो न सांगताच
माझ्या प्लेटीत एक चुरडतो.
मग पाथर्डी फाट्यापर्यंत
हेल्मेटच्या आत
ओठ माझे नसतात.