चार डोकी

वीस वर्षं, जूनच्या पहिल्या शुक्रवारी,
मी पिवळी बस घेऊन इथे यायचे.
टोलिडोहून तासाभराचा रस्ता, डावीकडे ईरी सरोवर,
मागे गोंगाट.
आणि दिवसभर डोकी मोजायचे.
बासष्ट. बासष्ट. एकसष्ट!
(एक जण ओकायला गेलेला असायचा.)
पाळण्यात बसले नाही एकदाही.
लोर्ना सँडविचं वाटायची,
पिलार गुडघ्यांना पट्ट्या लावायची,
आणि वेंडेल, ज्याच्याकडे शाळेची घंटा, बॉयलर आणि झाडू,
तो इथेही कुणाचं काही सांडलं की
खिशातून फडकं काढायचा.

यंदा शाळाच उरली नाही.
पट घटला, दुसरीत विलीन केली,
बाकं लिलावात गेली.
निरोपाच्या केकवर शाळेचं नाव चुकलं होतं.
तो चुकलेला भाग खाता खाता लोर्ना म्हणाली,
"दोन दिवसांचं तिकीट स्वस्त पडतं."

फाटकाशी लाकडी जिराफ.
त्याच्या कानाइतकी उंची असेल तरच आत.
वेंडेल पाठ टेकून उभा राहिला, टाचा जुळवून,
आणि आम्ही "पास" म्हणेपर्यंत हलला नाही.

रांगेत पिलारने सगळ्यांची नाडी पाहिली.
स्वतःची पाहिली नाही.
मग लाकडी चढण, साखळीची कटकट,
वर पोचलो तेव्हा खाली सरोवर
इस्त्री न केलेल्या चादरीसारखं,
आणि माझा उजवा पाय
ब्रेक शोधत होता.
नव्हता.
गाडी कुणीच चालवत नव्हतं.
मी ओरडले म्हणतात. मला आठवतं ते इतकंच
की लोर्नाचा हात माझ्या हातात होता
आणि त्याला अजून कांद्याचा वास होता.

रात्री मोटेलच्या काचेवर मेफ्लाय.
सरोवरातून उठतात ते जूनमध्ये, ढगच्या ढग;
भिंतीला केस फुटल्यासारखं दिसत होतं,
पायाखाली कुरमुऱ्यांसारखे वाजत होते.
पिलार म्हणाली, यांना तोंडच नसतं.
एकदा पंख फुटले की खाणं बंद,
दिवस-दोन दिवस, बस.
"म्हणजे यांना कँटीन नको,"
लोर्ना म्हणाली, आणि बराच वेळ
बर्फाच्या मशीनशी उभी राहिली
रिकामी बादली घेऊन.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मोजले:
दोन आणि मी. वेंडेल नाही.
सवयीने घसा कोरडा पडला.
प्रसाधनगृह, पॉपकॉर्न, आरशांचं घर, पुन्हा प्रसाधनगृह.
तेवढ्यात भोंग्यातून आवाज आला:
"वेंडेल नावाचा मुलगा सापडला आहे.
वय एकसष्ट. निळी टोपी.
पालकांनी हरवलेल्या मुलांच्या खोलीत यावं."

खोलीत तो बुटक्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीला,
हातात सफरचंदाच्या रसाचा डबा, नळी लावलेली.
टेबलामागे जॅनेल, आमचीच,
जिची दातांची तार तिसरीत कचऱ्यात गेली होती
आणि ह्याने तीन पिंपं उलथी करून
शोधून, धुऊन, रुमालात गुंडाळून दिली होती.
ती आता दात दाखवत हसत होती.
सरळ होते. सगळे.
"पालक कोण?" तिने विचारलं.
आम्ही तिघींनी हात वर केले.
वहीत सही माझी घेतली, नातं या रकान्यात
बराच वेळ पेन टेकवून मी
शेवटी "बस" असं लिहिलं.

परतताना माझी जुनी गाडी,
काचेवर मेफ्लायचा चिकट राप,
वायपरने आणखीच फासला गेला.
पार्किंगमधून निघण्याआधी आरशात पाहिलं:
मागे दोन, शेजारी एक. तीन.
पाय ब्रेकवर गेलाच.
"अगं तू," लोर्ना म्हणाली,
"तुला धरून मोज की कधीतरी."
वेंडेल झोपला होता.
त्याच्या टोपीवर एक किडा, पंख मिटून,
जिवंत होता की नाही कोण जाणे.
मी काच खाली केली, थोडी.