फलक रंगवताना

सरपंचबाईंनी चिठ्ठी दिली. म्हणाल्या, जसंच्या तसं उतरव.
"स्वायत्त कर्ते व बहुकर्ता प्रणाली
या विषयातील प्रभावी संशोधनाबद्दल
डॉ. उर्मिला रहांगडाले यांचा जाहीर सत्कार."

मी आजवर रंगवले खताचे भाव, पोलिओचे डोस,
मंडईतल्या नाटकांचे पडदे.
'बहुकर्ता' पहिल्यांदाच.
ब्रश पांढऱ्यात बुडवून बसलो,
या शब्दाला तोंड कुठून, शेपूट कुठे?

उर्मिला माझ्याच वर्गातली.
आम्ही नववीत होतो त्या साली
धान पोटरीत आलं आणि डोमाजी पाटकरी अंथरुणाला खिळला.
पाळी कुणाची, सांगायला माणूस नाही.
तलावाचं तुडुम कुणी उघडलं, आजही ठाऊक नाही,
पण पाणी उतरत गेलं
बांधीतून बांधीत,
जो तो फक्त वरच्याचा चेहरा
अन् खालच्याची ओरड ओळखून.
ती पारीवर बसून वहीत रेघा ओढत होती.
काय काढतेस, विचारलं.
म्हणाली, मालक नसलेलं काम.

ती वही पुढे दूरदेशी छापली गेली.
वीस वर्षं लोक तिच्या पायावर आपापल्या भिंती चढवत राहिले.
आता म्हणे कुठल्याशा गोदामात
यंत्रं एकमेकांना वाट देतात,
वरून कुणी हाकारत नाही.

संध्याकाळी नारळ, शाल, चार मिनिटांचं भाषण.
तेवढ्यात मागून काठी टेकत
गोपिकाबाई नान्हे उठली:
"खोटं नोको बोलू वो उर्मिला.
आपोआप कायचं? त्या राती मीनंच धुरा फोडला होता.
माह्या दोन बांध्या आधी भरल्या, मंग तुमच्या."

मंडपात हसू फुटलं, कुणी तिला खाली बसवू लागलं.
उर्मिलानं माईक तोंडापासून दूर धरला,
"मालूम आहे मावशी. तुझी चिमनी दिसली होती मले.
चोरी धरूनच मांडलं मी गणित.
सारे भले असते
तर अर्ध्या पानात संपलं असतं."
गोपिकाबाई थोडा वेळ उभीच राहिली.
मग म्हणाली, "मंग माह्यं नाव कुठं आहे?"

रात्री फलक उतरवताना दिसलं,
'प्रणाली'तली ली मी ऱ्हस्व काढली होती.
उर्मिलानं पाहिली असणार, बोलली नाही.
तारखेखाली वीतभर जागा कोरी होती.
पांढरा केव्हाच वाळून गेलेला.
डब्यात थोडा निळा उरला होता.