मिठाला जागणारी

वाल्पाराईसोच्या उत्तरेला, खडकांवर पेलिकन भांडतात तिथे,
पहाटे पाचला रोसामेल ओयार्सो मागच्या दाराशी पिंप ठेवायचा.
पिंपात माकूल, लहान पोराएवढा,
रागानं लाल, भीतीनं पांढरा, पुन्हा लाल.
"आज दोनच," म्हणायचा. "चांदणं फार होतं."

चिरायचं काम माझं.
पाठ उघडायची, शाईची पिशवी फुटू द्यायची नाही,
दिव्यावर धरून मज्जातंतू शोधायचा.
आम्ही त्याला नस म्हणायचो: शेवईएवढी, काचेसारखी,
ओली आहे तोवर जिवंत.
माकूल संपलेला असतो.
नसेला कुणी कळवलेलं नसतं.

समुद्राच्या पाण्यात ठेवली की ती तासन् तास उत्तरं देते.
एका टोकाला विजेची टिचकी मारा:
बाहेरचं मीठ दार ढकलून आत घुसतं,
त्या धक्क्यानं पुढचं दार, मग त्याच्या पुढचं,
मागची लागत जातात.
तसं पाहिलं तर लांबवर कुणीच चालत जात नाही.
नुसती दारं.
पडद्यावर एक हिरवी टेकडी उठते आणि बसते.
मिठाऐवजी साखरेचं पाणी दिलं, टेकडी नाही.
मीठ परत दिलं, टेकडी.
डॉक्टर सान्तेलीसेस वहीत आकडे मांडायचे.
मी मनात मांडायचे: खाल्ल्या मिठाला जागते ही.

ऑगस्टमध्ये सुरी घसरली. उजवं मनगट, आतली बाजू.
बोटं जागच्या जागी होती,
पण अंगठा आणि शेजारची दोन त्याची राहिली नव्हती.
किटली उचलताना त्याला काहीच कळलं नाही.
वास एर्मिनियाला आला.

शिवणारा सर्जन म्हणाला,
पहिला महिना धरू नका, पुढे रोज एक मिलिमीटर.
रोसामेलनं माझी पट्टी मागून घेतली.
मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एकशे अठ्ठ्याहत्तर.
बोटांवर मोजायला गेला,
आणि हसला.

अकरा वर्षं पिंप आणणारा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा आत आला.
टोपी हातात, बूट ओले.
त्यानं टेकडी उठताना पाहिली, बसताना पाहिली.
"हा मेलाय ना?"
"हो."
"आणि तरी?"
"तरी."
मग त्यानं स्वतःच्या हाताकडे पाहिलं, शेजाऱ्याच्या घराकडे पाहावं तसं.

ऑक्टोबरात मुंग्या आल्या.
मनगटाच्या किंचित पुढे टिचकी मारली की बोटांत मुंग्या.
एरवी त्या येऊ नयेत म्हणून आपण पाय झटकतो.
हा रोज सकाळी त्यांची वाट पाहायचा,
टिचकी मारत मारत पुढे सरकायचा,
सापडल्या तिथे पेन्सिलीची रेघ.
पाण्यानं रेघ पुसायची, म्हणून होडीच्या काठावर खाचा केल्या.
नाताळात तळहाताच्या मध्यावर.
फेब्रुवारीत पहिल्या पेरावर.
साखरेला येणाऱ्या मुंग्या सगळ्यांनी पाहिल्यात.
या मिठाच्या होत्या.

एप्रिलच्या शेवटी मी त्याला डोळे मिटायला लावले
आणि अंगठ्यावर थंड नाणं ठेवलं.
"मधलं बोट," तो म्हणाला. खात्रीनं.
पुन्हा ठेवलं.
"मधलंच."
वाढताना तंतू दुसऱ्याच्या वाटेला लागतात,
डॉक्टर म्हणाले, मेंदू शिकेल हळूहळू, किंवा नाही शिकणार.
रोसामेलनं डोळे उघडले.
"म्हणजे घंटी माझ्या दाराची दाबली,
वाजते शेजारी.
चालेल. शेजारी घरात आहेत एवढं तरी कळलं."

दुसऱ्या पहाटे पिंपात एकच माकूल.
तो बाहेर काढताना त्याचा एक हात रोसामेलच्या हाताभोवती वळला,
चोषकांच्या चकत्या एकेक करून बसत गेल्या.
रोसामेलनं सोडवून घेतलं नाही.
"थंड आहे," म्हणाला.
कुठल्या बोटाला, मी विचारलं नाही.
तो लाल झाला, पांढरा झाला, पुन्हा लाल. माकूल.

मग त्यानं पिंप माझ्याकडे सरकवलं.
मी सुरी धुतली.