सुधारणा आवश्यक

अडतीस मुलं, आठ रकाने.
निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम,
प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय, इतर.
'इतर'मध्ये काय लिहायचं
ते प्रशिक्षणात सांगितलं होतं, जेवणाच्या सुट्टीनंतर,
तेव्हा आम्ही पन्नास शिक्षक
डोळे उघडे ठेवून झोपलो होतो.

मानखुर्द, शाळेचा दुसरा मजला, इयत्ता तिसरी.
मुलं गेली. खिचडीचा वास अजून जिन्यातच.
प्रथम सत्राच्या नोंदी उद्या
घरत बाईंच्या टेबलावर हव्यात.
माझ्याकडे वाक्यांचा साठा आहे,
नऊ वर्षं वापरून मऊ झालेला:
कविता तालासुरात म्हणते.
गटात सहकार्याने काम करतो.
परिपाठात उत्साहाने सहभागी होते.
यशिता गोळेला मी गेल्या वर्षीच्या कुणाचे तरी
तालसूर देऊन टाकते.
ती बेसूर आहे. पण पोटातून म्हणते,
खिडकीची जाळी थरथरते,
आणि त्याला रकाना नाही.

समाधान डोंगरदिवे: अ-दोन.
मिस्बा: लेखीत पैकीच्या पैकी,
तोंडीला रिबिनीचं टोक चावत उभी.
तिच्या गप्प बसण्याला मी पाचपैकी तीन दिले,
अंदाजाने,
भाजीवाल्याने वर मिरच्या टाकाव्यात तसे.

नंदेश खरात.
निरीक्षण, जुलै: वर्गात लक्ष नसते.
ऑगस्ट: लक्ष नसते.
सप्टेंबर: वरीलप्रमाणे.
परिसर अभ्यास, तोंडी. पाण्याचे स्रोत सांग.
नमुना उत्तर: नदी, विहीर, तलाव, झरा.
नंदेशचं उत्तर: निळा पाइप, टँकर,
चाचीचा ड्रम, पण तो विचारून.
टँकरला मी अर्धा गुण दिला होता.
अर्धाच का, ते आता आठवत नाही.

त्याच्या कागदांत शेवटी स्वयंमूल्यमापन.
तीन चेहरे छापलेले:
हसरा, सरळ ओठांचा, रडका.
आज वर्गात मला कसं वाटलं? एकाला रंग द्या.
वर्गातले बाकी सगळे हसरे, पिवळेधमक.
बाईंना काय आवडतं ते त्यांना पाठ आहे.
नंदेशने एकही रंगवला नाही.
बाजूला पेन्सिलीने चौथा काढलाय,
डोळे मिटलेला,
आणि खाली बारीक अक्षरात,
काना-मात्रा सगळ्या जागच्या जागी:
पाणी साडेतीनला येतं.

रात्रीच्या.
दुपारच्या साडेतीनला तो माझ्यासमोर असतो,
बाकावर गाल टेकून,
आणि मी फळ्यावर तलाव काढत असते.
तलावात दोन बदकंसुद्धा.

पेन उघडते, मिटते.
विशेष प्रगती: भावना चित्रातून व्यक्त करतो.
आवड, छंद: झोप, असं लिहिता येत नाही.
चित्रकला लिहिते.
सुधारणा आवश्यक:
इथे हात थोडा थांबतो,
मग माझी परवानगी न घेता लिहून मोकळा होतो,
नळाची वेळ.

घरत बाई चष्मा कपाळावर सरकवतील.
अहो, हे मुलाबद्दल लिहायचं असतं.
खाडाखोड चालत नाही, व्हाइटनरही नाही,
नवीन पत्रकासाठी वॉर्ड ऑफिसला अर्ज.
करीन अर्ज.

मागे जाते, जुलैच्या रकान्यात.
शाई वाळून तीन महिने झालेत.
'लक्ष नसते'च्या पुढे
मुंगीला पुरेल एवढी जागा आहे.
तिथे लिहिते: माझे.

खाली शिपाई कुलपांचा जुडगा वाजवतोय,
बाई, झालं का?
अजून एकवीस मुलं बाकी आहेत.