हाड

सीपीआरमधून ह्यांना घरी आणलं
तेव्हा उजवं अंग झोपलेलं होतं
आणि जीभ त्याच्या शेजारी.

सुभाषनगरच्या ह्याच खोलीत
चाळीस वर्षं कापशी चप्पल बांधली ह्यांनी.
कातड्यावर नुसती बोटं फिरवून सांगायचे
जनावर कुठल्या कुशीवर झोपायचं ते.
मी वेण्या घालायची, हे टाचा ठोकायचे.
दोघांत बोलणं तसं कमीच,
पण ठोक्यावरून मला कळायचं
आज पोटात भूक आहे का राग.

मग ठोकाच थांबला.

फिजिओची पोरगी, सायमा, मंगळवारी नि शुक्रवारी यायची.
रबरी चेंडू मुठीत ठेवायची, "काका, दाबा."
चेंडू घरंगळून पलंगाखाली.
"काका, आ म्हणा."
काका भिंतीकडे.
जाताना कागदावर रक्तदाब लिहायची,
वरचा आकडा एकशे सत्तरच्या खाली उतरेना.
तो कागद मी रापीखाली दाबून ठेवायची,
उडू नये म्हणून. का दिसू नये म्हणून.

पिल्लू कुणी आणलं नाही.
गटारीवरच्या फरशीखालून आलं,
एक कान उभा, एक पडका,
चप्पल बांधता बांधता कारागीर
मध्येच जेवायला उठावा तसा.
चार दिवस मी खराट्यानं हाकललं.
पाचव्या दिवशी रेशन घेऊन दारात पोचते
तर त्यानं फळीवरून ओढलेली,
ह्यांच्या हातची शेवटची जोडी,
शिरोळच्या पैलवानानं सांगून करून घेतलेली,
विंचू घातलेली, चालताना कर्र वाजणारी.
त्यातली डावी घेऊन चघळत बसलेलं
ह्यांच्या पलंगासमोर, निवांत.

आधी वाटलं शेजारी कोण बोललं.
गंजलेली कडी निघावी तसा आवाज,
"हाड!"

तीन महिन्यांतला पहिला शब्द.
माझं नाव नाही, लेकाचं नाही, देवाचंसुद्धा नाही.
हाड.
तांदळाची पिशवी उंबऱ्यातच सांडली
आणि मी म्हटलं,
"परत म्हणा की वो."

पिल्लाला वाटलं, आपल्यालाच हाक मारली.
जन्मापासून दुसऱ्या शब्दानं
त्याला कुणी बोलावलं होतं म्हणा?
शेपूट हलवत गेलं नि हात चाटला.
उजवा. ज्याला काही कळत नव्हतं तो.

तेव्हापासून त्याचं नाव हाड.
गल्लीतली पोरं दुसऱ्या कुत्र्यावर ओरडली
तरी हा आनंदानं पळत जातो.
दोनदा दगड खाऊन आलाय.
नाव मात्र बदललं नाही आम्ही,
लई महागात पडलेलं नाव आहे ते.

चेंडू हे अजून दाबत नाहीत.
पण हाडच्या पडक्या कानामागं
तीच बोटं फिरत असतात तासन् तास,
कातड्याची जाडी बघितल्यागत.
सायमानं बघितलं, काही बोलली नाही.
वहीत लिहून गेली,
कुत्रा, वीस मिनिटं, सकाळ-संध्याकाळ.

सकाळी दूधकट्ट्यापर्यंत जातात,
काठी, चांगला पाय, ओढता पाय, हाड,
अशी चार जणं.
हाड म्हशीच्या धारेकडं नाक नेतो,
गवळी शिव्या घालतो,
आणि हे हसतात, अर्ध्या तोंडानं.
तेवढं पुरतं.

आकडा आता एकशे चाळीस.
डॉक्टर म्हणतात, गोळी लागू पडली.
पडली असेल.

पैलवान जोडी न्यायला आला.
चघळलेला पट्टा उलटसुलट करून बघितला,
कोपऱ्यातल्या गुन्हेगाराकडं बघितलं,
म्हणाला, "असू दे मामा, उजवी तरी बरी हाय की."
ह्यांनी मान हलवली.
मग एकेक अक्षर खिळ्यासारखं काढत,
"फु. ड. ल्या. म्ह. न्यात."

आता हातोडी डाव्या हातात असते.
चार ठोक्यांतला एक फरशीवर पडतो.
ह्या नव्या ठोक्यातून मला अजून कळत नाही
भूक आहे का राग.
हाडला कळतं.
मध्येच कान टवकारतो, उठतो,
आणि माझ्याकडं बघत
ताटलीपाशी जाऊन बसतो.