सात नंबर

तळघरात अकरा फ्रीझर. सातव्याला सगळे म्हातारा म्हणतात,
कारण तो रात्री कण्हतो, आणि दार लावायचं तर
गुडघा टेकवावा लागतो.
सव्वीस वर्षं मी त्याचा बर्फ खरवडते आहे
लाकडी उलथन्याने. लोखंडी चालत नाही,
एकदा नळी फुटली होती.

मार्चमध्ये ताव्हेत आला, हरित कक्षाकडून.
उंच, सर्दी झालेला, गळ्यात वीज मोजायचं यंत्र.
प्लगला डबी लावून म्हणाला, "माइमू,
हा एकटा अख्ख्या घराइतकी वीज खातो."
कुणाच्या घराइतकी? मी विचारलं.
मी तर हिवाळाभर स्वयंपाकघरात झोपते,
दुसरी खोली तापवत नाही.
तो लाजला. वहीत काहीतरी खोडलं.

वर त्यांनी बरंच केलं म्हणे:
कॅन्टीनच्या थाळ्या लहान झाल्या,
दिवे माणूस पाहून लागतात,
आणि संडासात जरा बसून राहिलं की विझतात,
अंधारात हात हलवावे लागतात.
कुलगुरूंनी सायकलवर फोटो काढून घेतला.
पण खाली कोण येतं?
खाली आम्ही थंडी सांभाळत होतो.
बाहेर उणे वीस, आत उणे ऐंशी,
आणि यंत्रांनी खोली तापते म्हणून वर एसी.
त्या दिवशी हे पहिल्यांदा मोठ्याने म्हणून पाहिलं.
हसूच आलं.

काम साधं: काय ठेवायचं, काय टाकायचं.
पण डब्यांवर नावं नाहीत, असली तर आद्याक्षरं,
आणि आद्याक्षरांची माणसं
एक टोरांटोत, एक टाल्लिनच्या बँकेत, एक कबरीत.
"फेकू नये." "अजिबात फेकू नये." "अ.ला विचारा."
अ. कोण, कुणालाच ठाऊक नाही.
तीन दिवस आम्ही हातमोज्यांवर हातमोजे चढवून
दुसऱ्यांची आशा उपसत होतो.

चौथ्या दिवशी, अगदी तळाशी, बर्फात चिणलेला
कॉफीचा पत्र्याचा डबा.
आत कागदाच्या पुड्या, आणि कीस्क सरांचं अक्षर,
वाऱ्यात उभं असल्यासारखं तिरकं:
"लव्हाळा. मागची दलदल. ऑगस्ट १९९७."

मागची दलदल म्हणजे कुठली?
ताव्हेत जन्मला तेव्हा तिथे डांबर होतं.
मी त्याला वरच्या खिडकीशी नेलं:
वाहनतळ तीन. चारशे गाड्या, तिकिटाचं यंत्र,
आणि तो कोपरा, जिथे दर वसंतात पाणी साचतं,
दर वसंतात पंप लागतो,
आणि पाणी परत येतं,
गोठ्याची वाट पाठ असलेल्या गाईसारखं.

डांबर पडलं त्या आठवड्यात सर बोलत नव्हते.
मी नवी होते. चहा नेऊन दिला.
मला वाटलं, दात दुखतोय.

म्हातारा बंद केला. बाकीचे उणे सत्तरवर आणले.
पेशींना फरक पडला नाही,
दोन प्राध्यापकांना पडला, त्यांनी पत्रं लिहिली.
तो थांबला तेव्हा इतकं शांत झालं
की पाइपातून ऐकू आलं,
वर कुणीतरी हात धूत होतं.

ताव्हेत आता समितीत म्हणतो, तो कोपरा उकरा.
समिती म्हणते, गाड्या कुठे लावायच्या?
दोन्ही इतिवृत्तात आहे.
मी बशीत टिपकागद भिजवला,
चाळीस बिया मोजून सरांच्या खिडकीत ठेवल्या.

आज एकोणिसावा दिवस. बावीस फुगल्यात.
फुगणं म्हणजे उगवणं नव्हे, एवढं मला कळतं.
तरी सकाळी आले की
कोट काढायच्या आधी
कागदाला बोट लावून पाहते,
ओला आहे ना.