कथिलाची तार

सकाळी साडेसहाला दाबोळीच्या पठारावर
माझं काम किडे पुसण्याचं.
गंमत नाही. कापणीच्या दिवसांत
पंखाच्या पुढच्या कडेवर टिकलीएवढे
हिरवट चिकट डाग वाळलेले असतात.
इनासियो म्हणतो, नख लावू नकोस.
ओलं फडकं ठेव, थांब, त्यांना सुटू दे.
एवढ्याशा खरखरीनं हवा बिचकते,
आणि बिचकलेली हवा
पंखाला धरून राहत नाही.

आज दोन विमानं. दोन्ही आठ माणसांची,
दोघांचे मालक अजून बोगमाळोला झोपलेले.
एकाची कड बंद, एकसंध,
सुरी नव्हे, पण सुरीच्या जातीची.
दुसऱ्याच्या कडेला सांधा आहे.
उतरताना तिथला ओठ सुटून पुढे खाली झुकतो,
मागं फट उघडते,
खालचा वारा फटीतून वर चढतो
आणि दमलेल्या वाऱ्याला पाठीवर हात देतो.
त्याला स्लॅट म्हणतात.

ओठवालं एकशे पाच नॉटनं येतं,
बंद कडेचं एकशे वीसनं.
वेग जास्त सातव्या हिश्शानं,
ब्रेकवरचा भार मात्र जवळजवळ तिसऱ्या.
हा हिशेब मी पावतीच्या पाठीवर केला,
दोनदा, कारण पटला नव्हता.

मग बंद कड करतात कशाला?
कॅप्टन रेवती धुमे कॉफी फुंकत म्हणाल्या,
भाग कमी, वजन कमी, बिघडायला काही नाही.
उडायचं तीन तास, उतरायचं पाच मिनिटं.
त्या पाच मिनिटांत आकडा पाळायचा. बस.
आणि नाही पाळला तर?
ही कुरकुरत नाही गं. सोडते ती सोडतेच.
म्हणून ते बघ.

पंखाच्या मुळाशी बोटभर तिकोनी पट्टी.
वर्षभर मी ती पुसत होते,
कुणाचा तरी राहून गेलेला तुकडा समजून.
ती मुळाशीच हवा आधी सुटायला लावते,
टोकं जागी राहतात,
विमान अंगभर थरथरतं
आणि बाईंना कळतं, आता पुरे.

दुपारी कुणी नसताना
मी दोन्ही कडांवरून कथिलाची मऊ तार वाकवली,
खाली फडकं घालून, ओरखडा नको म्हणून.
दोन्ही वळणं डब्यात, पोळ्यांच्या जागी.

चिखलीला बाबा ओसरीवर.
चाळीस वर्षं होड्या केल्या,
आता करवत धरली की हात वेगळंच बोलतो.
अंगठा मात्र शाबूत आहे.
त्यांनी पहिली तार घेतली, डोळे मिटले,
अंगठा नाकावरून मागं नेला.

ही घाईची नाळ, म्हणाले.
आग्नेलला अशीच करून दिली होती.
जुवारीत पळायची, बघत राहावं अशी.
किनाऱ्याला लावताना मात्र
चार माणसं पाण्यात उतरायची.

मी म्हटलं, होडी नव्हे, विमान आहे.
ते म्हणाले, माहीत आहे. पाणीच ते,
नुसतं पातळ.

दुसरी तार त्यांनी लगेच बाजूला ठेवली.
हिला शिकवलेलं आहे, म्हणाले,
आणि परत पहिलीवर आले.
टोक अंगठ्यानं दाबलं. थोडंसं खाली,
थोडं जाड, तांदळाच्या दाण्याइतकं.
इतकं दिलं असतं तर, म्हणाले,
आणि वाक्य तिथंच ठेवून
तिसऱ्यांचा रस्सा गरम करायला उठले.

संध्याकाळी पठारावर आडवा वारा होता.
बंद कडेचं परत आलं.
पंख एकदा कलला, सावरला,
टायरचा धूर नेहमीपेक्षा पुढे उठला,
धावपट्टी उरली, पण मी मोजली.

बाई उतरल्या, हेल्मेट नाही, काही नाही,
केस नुसते चिकटलेले.
फडकं आहे का, म्हणाल्या. मला वाटलं, घामासाठी.
त्यांनी ते पंखाच्या कडेवर ठेवलं,
आणि आम्ही दोघी
किडे सुटायची वाट बघत उभ्या राहिलो.

वाकवलेली तार माझ्या खिशात होती.
दाखवावी की नाही
हे अजून ठरलेलं नाही.